गंजात उकळलेला गंज

आधीच सांगून टाकतो, माझं पोट गंजावर चालतं. ह्यूस्टनमध्ये गेली बरीच वर्षं मी पाइपलाइनच्या कोटिंगची तपासणी करतो, म्हणजे लोकांना सांगत फिरायचं की इथं तुमचा रंग सुटलाय, तिथं पिटिंग झालंय म्हणजे धातूला बारीक खड्डे पडलेत, हे परत ब्लास्ट करा म्हणजे वाळूच्या माऱ्यानं साफ करा आणि नव्यानं मारा. आणि अशा माणसाची स्वतःची रोज कमरेला लावायची रिव्हॉल्वर गंजून तांबडी झाली. बायकोनं हे तिच्या सगळ्या ग्रुपवर टाकलं, आईला चिपळूणला फोन करून सांगितलं, तेव्हा लपवण्यात काही अर्थ नाही म्हणून मीच लिहितोय.

ही रिव्हॉल्वर म्हणजे स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ३६, पाच गोळ्यांची, ३८ स्पेशल नावाच्या काडतुसाची, नळी दोन इंचाला जराशी कमी. १९५० साली हे मॉडेल चीफ्स स्पेशल म्हणून आलं, नंतर १९५७ पासून कंपनीनं सगळ्यांना नंबर दिले तेव्हा ही ३६ झाली. माझी सत्तरच्या दशकातली, २०१६ ला एका पॉन शॉपमधून घेतलेली, तेव्हाच नळीच्या टोकाला आणि सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्या भरतात त्या फिरत्या भागाच्या, कडांना स्टीलवरचा निळा रंग, म्हणजे ब्लूइंग, जाऊन पांढरं स्टील दिसत होतं. होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, वर्षानुवर्षं आतबाहेर केलं की असं होतंच, त्यात काही वाईट नाही, उलट मला ते आवडायचं, जुन्या पाट्याला मध्ये जसा खळगा पडतो तसं. बंदूक मुळात बाळगायचीच का यावर माझ्याशी भांडायचं असेल तर जरूर घरी या, चहा टाकतो, पण इथं तो विषय काढत नाही कारण मग फिनिशचं राहूनच जाईल.

तर झालं असं की ८ जुलै २०२४ ला बेरिल वादळ आलं. पहाटे माटागोर्डाजवळ किनाऱ्याला लागलं आणि सकाळी ह्यूस्टनमध्ये वीस लाखांवर घरं-दुकानं अंधारात. आमची लाइट सहा दिवस नव्हती. जुलैतलं ह्यूस्टन एसीशिवाय म्हणजे मे महिन्यातलं चिपळूण आणि त्यात वारासुद्धा नाही. दिवसभर जनरेटरला पेट्रोल शोधत फिरायचो, कमरेला आतून होल्स्टर, बनियन पिळून काढावं इतका घाम. रात्री रिव्हॉल्वर काढून तशीच चामड्याच्या होल्स्टरसकट तिजोरीत. मग लाइट आली, ऑफिसची गडबड सुरू झाली आणि ऑगस्ट संपता संपता आम्ही गणपतीला गावी गेलो, पाच आठवडे. रिव्हॉल्वर तिजोरीत, चामड्यात, घाम पिऊन बसलेल्या चामड्यात.

चामड्यात हत्यार ठेवू नये हे मला माहीत नव्हतं असं नाही. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेले क्षार त्यात असतात, वरून माझं मीठ. कुठल्या पाइपला कोणी असं ओलं गुंडाळून ठेवलं असतं तर मी लाल पेनानं तीन पानं रिपोर्ट लिहिला असता.

दसऱ्याला, शनिवारी १२ ऑक्टोबरला, शस्त्रपूजेसाठी सगळं मांडत होतो. आमच्याकडे पाटावर काय काय असतं बघा, माझं कोटिंगची जाडी मोजायचं गेज, बायकोचा लॅपटॉप, मुलीचं व्हायोलिन (ते शस्त्र आहे हे शेजारच्यांना विचारा), गाडीच्या किल्ल्या आणि ही. होल्स्टरमधून ओढली तर नेहमीसारखी सरकन आली नाही, जरा चिकटली, आणि बाहेर आली तेव्हा डावी बाजू अख्खी तांबडी. मी उजवीकडे लावतो, त्यामुळे डावी बाजू अंगाला लागते. सिलिंडर उघडायचा खटका, त्याच्या खालची फ्रेम, मागची पट्टी, सगळीकडे. लाकडी ग्रिप काढून बघितल्या तर त्यांच्याखाली अजून वाईट, घाम तिथं झिरपून साचतो आणि तो पुसायला कोणी जात नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, याला कुंकू लावायची गरज नाहीये." हिला असं बोलायला कोण शिकवतं माहीत नाही. माहीत आहे खरं तर.

काही लोकांच्या घामानं लोखंड लवकर गंजतं हे मशीनशॉपमधल्या कोणालाही विचारा. एखाद्या कामगारानं नवा गेज ब्लॉक, म्हणजे मोजमापाचा पोलादी ठोकळा, हाताळला की दुसऱ्या दिवशी त्यावर त्याचे ठसे उमटलेले असतात, तांबडे. मी त्यातलाच. आमच्या आजोबांचाही हात तसाच होता. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, डुकरं आणि माकडं हाकलायला. पावसाळ्यात ते आठवड्याला एकदा तिला खोबरेल तेलाचं फडकं फिरवायचे, आम्हा पोरांना हात लावू द्यायचे नाहीत, लावला तर परत पुसायचे. निवडणूक आली की परवानावाल्यांनी बंदुका ठाण्यात जमा करायच्या, तशी एकदा दिली आणि परत मिळाली तेव्हा तिच्यावर गंजाचा थर. आजोबा ओटीवर बसून दोन दिवस विटेची पूड आणि तेल लावून घासत होते आणि शिव्या देत होते. मी सात-आठ वर्षांचा असेन. बंदुकीपेक्षा शिव्याच जास्त लक्षात राहिल्या.

असो. पहिला उपाय मी सगळे करतात तोच केला. गोळ्या काढून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवल्या (हे दर वेळी, अपवाद नाही, घरात मूल आहे आणि टेक्सासात कायदाही आहे), तेल सोडलं आणि तांब्याच्या नाण्यानं वरचा गंज खरवडला. पण नाणं १९८२ च्या आधीचं हवं. त्या पेनीत ९५ टक्के तांबं असायचं, नंतरच्या आतून जस्ताच्या आहेत, वर नुसता तांब्याचा मुलामा. तांबं स्टीलपेक्षा मऊ म्हणून रंगाला ओरखडा जात नाही, गंज तेवढा निघतो. निघाला. खाली बारीक बारीक खड्डे, मोहरी टोचल्यासारखे, आणि निळ्याचा पत्ता नाही. मग त्या उघड्या जागी बाटलीतलं कोल्ड ब्लू लावलं. हे फडक्यानं पुसायचं, मिनिटभरात काळं होतं, सेलेनियमचं रसायन असतं त्यात. काळं झालं खरं, पण चुरगळलेल्या कार्बन पेपरसारखं डागाडागाचं, हाताला कसलातरी कुबट वास, आणि आठवड्याभरात कमरेच्या घामानं पुन्हा पांढरं. एखाद्या स्क्रूच्या डोक्याला किंवा बारीक चऱ्याला ते ठीक आहे. अख्ख्या बाजूला लावणं म्हणजे भिंतीला ओल आलीये आणि आपण कॅलेंडर टांगतोय.

आता धंद्याचं ज्ञान वापरायचं तर उत्तर सरळ होतं, सेराकोट. सिरॅमिक मिसळलेलं कोटिंग, साधारण एक मिल म्हणजे २५ मायक्रॉनचा थर, ब्लास्ट करून मारायचं आणि ओव्हनमध्ये १२० डिग्रीला दोनेक तास भाजायचं. मिठाच्या फवाऱ्याच्या टेस्टमध्ये ब्लूइंग त्याच्या जवळपाससुद्धा येत नाही. कोणी मला विचारलं तर मी हेच करून घ्या म्हणेन, लायसनवाली बरीच दुकानं करून देतात. लायसन लागतंच, कारण दुसऱ्याची बंदूक धंदा म्हणून ठेवून घ्यायची, काम करायची तर दुकानाकडे फेडरल परवाना हवा. स्वतःच्या बंदुकीचं काम मात्र आपण घरी करू शकतो. आणि अक्कलच असती तर मी मॉडेल ६० घेतलं असतं, हेच डिझाइन पण स्टेनलेसचं, १९६५ पासून मिळतंय. पण त्या पन्नास वर्षांच्या स्टीलवर करडा मॅट रंग मारायचा म्हणजे वाड्याच्या दाराला ऑइलपेंट मारल्यासारखं वाटत होतं. हा माझा हट्ट, याला तांत्रिक कारण काही नाही.

आमच्या शेजारी एक टेक्सन आजोबा राहतात, ऐंशीच्या पुढचे, आयुष्यभर ऑइलफील्डच्या मशीनशॉपमध्ये लेथवर काम केलेलं. त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितली आणि म्हणाले, गंज काढत काय बसलायस, अजून चढव. मला वाटलं चेष्टा करतायत. मग आत जाऊन स्वतःची दुनळी शॉटगन घेऊन आले, त्यांच्या वडिलांची, तिच्या नळ्या अशा गडद निळसर काळ्या की विहिरीत वाकून बघितल्यासारखं वाटावं. म्हणाले, हे सगळं गंज आहे.

रस्ट ब्लूइंग म्हणतात त्याला. मी शाळेत नाही, नोकरीत रोज हे रसायन बघत आलोय आणि तरी कधी डोक्यात आलं नाही. लाल गंज फुगलेला, सुटा, पाणी धरून ठेवणारा, म्हणून तो खालचं लोखंड खात जातो. तोच लाल गंज उकळत्या पाण्यात टाकला की त्याचं मॅग्नेटाइट होतं, काळं, घट्ट, धातूला चिकटून बसणारं. बॉयलरच्या नळ्यांना आतून जो काळा थर धरतो तो हाच, आणि तो धरावा म्हणून आम्ही जिवाचं रान करतो. म्हणजे मुद्दाम गंजवायचं, उकळायचं, वरची सुटी काजळी घासून काढायची, परत गंजवायचं, परत उकळायचं. काट्यानं काटा काढायचा तो सात-आठ वेळा. दुनळीला अजूनही हेच करतात, कारण कारखान्यातलं हॉट ब्लूइंग म्हणजे कॉस्टिक आणि नायट्रेटचं १४० डिग्रीच्या आसपासचं द्रावण, ते दोन नळ्यांमधलं मऊ झाळण खाऊन टाकतं.

मग प्रश्न आला भांड्याचा. माझी बायको नागपूरची. आमच्याकडे ज्याला पातेलं म्हणतात त्याला त्यांच्याकडे गंज म्हणतात. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात ती म्हणाली होती, "तो मोठा गंज दे ना इकडे", आणि मी अर्धा मिनिट आजूबाजूला लोखंड शोधत होतो. आता पंधरा वर्षांनी मी तिच्या सगळ्यात मोठ्या स्टेनलेसच्या पातेल्यात मोजपट्टी घालून बघत होतो आणि ती मागे येऊन उभी राहिली.

"काय करून राहिला?"

"गंजाचं माप घेतोय."

"त्या बंदुकीचा गंज माझ्या गंजात उकळलास ना, तर तुझं जेवण त्याच्यातच वाढीन."

बरोबरच होतं तिचं. बंदुकीला शिशाचे अंश असतात, रसायन आम्लाचं, स्वयंपाकाचं भांडं या कामाला कधीच घेऊ नका. जुन्या वस्तूंच्या दुकानातून पाच डॉलरचं एक स्टेनलेसचं घेतलं, गॅरेजमध्ये कॅम्पिंगचा गॅस लावला. ॲल्युमिनियमचं भांडं नको, स्टेनलेसचंच.

खोलणं हा वेगळाच अध्याय आहे. उजव्या बाजूला पत्रा असतो, साइडप्लेट, तिचे स्क्रू काढायचे पण ती स्क्रूड्रायव्हरनं उचकटायची नाही, आयुष्यभराची फट पडते. ग्रिपच्या जागी फ्रेमला लाकडी मुठीनं टकटक करत राहायचं, ती आपोआप वर येते. आतली रिबाउंड स्प्रिंग निघताना उडते, माझी उडाली, ती वॉशिंग मशीनच्या मागे सापडेपर्यंत एक संध्याकाळ गेली. माझ्या मॉडेलमध्ये इजेक्टर रॉडला, म्हणजे रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांडीला, उलटे आटे आहेत, आपण नेहमीसारखं फिरवलं की ते घट्ट होत जातं आणि शेवटी तुटतं, हे शेजारच्या आजोबांनी तीनदा बजावलं म्हणून वाचलो. हॅमर, ट्रिगर आणि स्प्रिंगा बाजूला ठेवल्या. हॅमर-ट्रिगरवर केस हार्डनिंगचे, म्हणजे वरचा थर कडक करताना येणारे, ते पेट्रोल सांडल्यासारखे रंग असतात, ते घालवायचे नव्हते.

जुना निळा रंग साध्या पांढऱ्या व्हिनेगरनं उतरतो. अर्ध्या तासात फ्रेम करडी झाली. हे लक्षात ठेवा, कोणी गंज काढायला व्हिनेगर लावा म्हणालं तर गंजाबरोबर ब्लूइंगही जातं.

आणि मग घासणं. इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, पाच रात्री. कोटिंगच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात की रंग महत्त्वाचा नाही, रंगाच्या आधीचं काम महत्त्वाचं, आणि साइटवर सगळे बरोबर तेच उरकतात. बफिंग मशीन होतं माझ्याकडे, वापरलं नाही. मशीननं केलेली बंदूक लांबून ओळखू येते, कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखे खळगे, कंपनीची अक्षरं अर्धी पुसलेली. मी सपाट जागी लाकडाचा ठोकळा, गोल जागी जुनं रबर, त्यावर पॉलिश पेपर गुंडाळून २२०, मग ३२०, मग ४००, एकाच दिशेनं. मुठीच्या तळाशी सिरियल नंबर आहे, त्याच्या आसपास पेपर नेलाच नाही. तो नंबर पुसट झाला तर प्रकरण फिनिशपुरतं राहत नाही, तो मिटवणं हा फेडरल गुन्हा आहे. खड्डे सगळे गेले नाहीत. खटक्याखालचे तीन खोल होते, ते काढायला गेलो असतो तर शेजारचा शिक्का गेला असता. राहू दिले.

त्यानंतर ॲसिटोन, नायट्राइलचे हातमोजे, आणि इथून पुढे उघड्या हातानं स्पर्श नाही. नळीला आणि सिलिंडरच्या पाचही घरांना सिलिकॉनची बुचं मारली, पावडर कोटिंगवाले वापरतात ती, ऑफिसातून मागून आणली. तयार मिळणारं ब्लूइंगचं द्रावण कापसानं अगदी पातळ फिरवायचं, ओलं दिसलं की चुकलं. आणि टांगून ठेवायचं. कोरड्या हवेच्या गावातले लोक यासाठी लाकडाची दमट पेटी बनवतात, आत पाण्याचं भांडं, बल्ब. मला काही बनवावं लागलं नाही, ह्यूस्टनचं गॅरेज हीच दमट पेटी. वर्षानुवर्षं ज्या हवेला शिव्या दिल्या ती पहिल्यांदा कामाला आली. तीन-चार तासांत अंगभर नारिंगी मखमल.

मुद्दाम गंजवलेली आपलीच वस्तू बघताना पोटात गोळा येतो, सांगतो. मग डिस्टिल्ड पाणी उकळलं, नळाचं नाही, त्यातल्या क्षार-क्लोरिननं डाग पडतात, आणि तारेला लटकवून फ्रेम आत सोडली. डोळ्यांदेखत नारिंगीचं चॉकलेटी आणि चॉकलेटीचं काळं होत जातं. पंधरा मिनिटं खळखळून. बायको दारात उभी राहून बघत होती, म्हणाली, "म्हणजे गंजात गंज शिजला." पंधरा वर्षं ही कोटी करायची वाट बघत असावी.

बाहेर काढून बारीक चार शून्याच्या स्टील वूलनं, तेसुद्धा आधी ॲसिटोननं धुतलेल्या, हलक्या हातानं काजळी काढायची. पहिल्या फेरीला हे इतकं घाण दिसतं, मळकट ठिपक्याठिपक्यांचं, की वाटलं गेली वस्तू. आजोबांना फोटो पाठवला, उत्तर आलं, तिसऱ्या फेरीपर्यंत बोलू नकोस. तिसऱ्याला खरंच रंग भरला. चौथ्याला माझा मोजा फाटलेला होता ते कळलं नाही आणि मागच्या पट्टीवर अंगठा टेकला. उकळून बाहेर काढल्यावर तिथं माझा ठसा, रेघा मोजता येतील असा. तेवढा भाग परत घासून पुढच्या फेऱ्यांत मिसळवला, तरी तिरप्या उजेडात अजून दिसतो. नळीचं एक बूचही उकळताना सुटलं आणि आत हलका गंज आला, तो ब्रॉन्झच्या ब्रशनं निघाला. एकूण सात फेऱ्या, दोन शनिवार-रविवार. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यात उकळून आम्ल मारलं आणि गरम असतानाच तेलात बुडवून रात्रभर ठेवलं.

सकाळी तेल निथळवलं. कारखान्यातल्या ब्लूइंगसारखी चकाकी नाहीये, चमक खोल आहे, जांभळाच्या सालीवर असते तशी. मुलीनं फक्त "ओके, छान आहे" म्हटलं. बारा वर्षांच्या मुलीकडून म्हणजे बरंच झालं.

जोडल्यावर आधी नकली गोळ्या घालून सिलिंडर प्रत्येक घराला नीट अडकतोय ना ते बघितलं, मग रेंजवर जाऊन पन्नास खऱ्या मारल्या आणि मगच कमरेला लावली. होल्स्टर आता कायडेक्सचं, प्लॅस्टिकसारखं, ओल न धरणारं. तिजोरीत सिलिका जेलचा डबा.

बरं, हे सगळं करून गंज थांबला का? नाही. ब्लूइंग हा स्वतःच गंज असल्यामुळे तो गंजाला फार काही अडवत नाही, त्याच्या बारीक छिद्रांत तेल धरून राहतं आणि अडवतं ते तेलच. एकदा सलग तीन दिवस पुसायचं राहिलं तर त्याच खटक्याखाली, त्याच तीन खड्ड्यांत, पांढऱ्या फडक्याला तपकिरी रंग आला. म्हणजे सेराकोटच करायला हवं होतं, हे एक कोटिंगवाला म्हणून लिहून देतो.

आता रोज रात्री कमरेवरून काढली की फडकं फिरवतो. तेल बंदुकीचंच, खोबरेल नाही, इथल्या थंडीत ते थिजतं, एकदा करून बघितलंय. ते पाच डॉलरचं पातेलं गॅरेजच्या फळीवर आहे, वर मार्करनं मोठ्या अक्षरात "गंज" लिहिलंय. परवा बायकोची बहीण नागपूरहून आली होती, तिनं ते बघितलं आणि विचारलं, "हे का बरं लिहिलं? दिसतेच ना गंज आहे ते."